पुणे–ताम्हिणी–माणगाव : एका ‘रस्ता-इतिहास’ सहलीचे परीक्षण

पुणे ते माणगाव या रस्त्याचा इतिहास प्रवासातच सांगणारी एकदिवसीय सहल पुण्यातील एक संस्था पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या काही आठवड्यांत आयोजित करते. संस्थेचे नाव येथे मुद्दाम दिलेले नाही, कारण या परीक्षणातील तक्रारी केवळ तिला लागू पडतात असे नाही; ताम्हिणी घाटाच्या नावावर गाडी भरणाऱ्या बहुतेकांच्या कार्यक्रमाचा साचा हाच असतो. सुरुवातीलाच निष्कर्ष सांगायचा तर प्रवास, जेवण आणि सुरक्षितता या तिन्ही बाबतींत ही सहल पैसे वसूल करून देणारी आहे. मात्र ज्या ‘इतिहासा’साठी ती इतर सहलींपेक्षा चार पैसे जास्त घेते, त्यातला सर्वांत मोठा भाग मुळशी धरणाच्या काठावर न थांबता मागे टाकला जातो, आणि ही उणीव किरकोळ नाही.

शुल्क माणशी १,९०० रुपये असून त्यात सकाळचा नाश्ता, दुपारचे जेवण, परतीच्या वाटेवरचा चहा आणि एक छापील माहितीपत्रक येते. गाडी सतरा आसनांची टेम्पो ट्रॅव्हलर होती; आसने स्वच्छ होती, पडदे धुतलेले होते आणि एकाही खिडकीची काच अडकत नव्हती. पावसाळी सहलीत या शेवटच्या गोष्टीचे महत्त्व किती, हे बंद खिडकीच्या धुरकट काचेतून सह्याद्री पाहिलेल्यांना वेगळे सांगायला नको. प्रवाशांना घेण्याचे पहिले ठिकाण सेनापती बापट रस्त्यावर होते आणि दुसरे पौड फाट्यावर. दोन्हीकडे गाडी दिलेल्या वेळेला हजर होती. उशिरा येणाऱ्या एका कुटुंबासाठी ती दहा मिनिटे थांबली, पण त्याहून जास्त थांबणार नाही, हे वाटाड्या मुलाने फोनवर नम्रपणे आणि ठामपणे सांगितले. “काका, तुम्ही थेट चांदणी चौकात या, तिथे तुम्हाला घेतो,” असे म्हणून त्याने प्रश्न मिटवलाही.

पौड फाट्यापासून पिरंगुटपर्यंतचा भाग बहुतेक पुणेकरांच्या रोजच्या पायाखालचा असल्याने तेथे सांगण्यासारखे काही नसेल असे वाटते, परंतु वाटाड्याने तो चांगला वापरला. कर्वे रस्ता आणि पौड रस्ता जेथे वेगळे होतात तेथपासून वनाझपर्यंत शहराची हद्द कशी सरकत गेली, हे त्याने थोडक्यात सांगितले. चांदणी चौकात २ ऑक्टोबर २०२२ च्या मध्यरात्रीनंतर जुना पूल स्फोटकांनी पाडण्यात आला, तेव्हा स्फोटानंतरही त्याचा सांगाडा पूर्णपणे खाली आला नव्हता आणि उरलेले काम यंत्रे लावून करावे लागले होते, ही आठवण गाडीतील अर्ध्या लोकांनी आपापल्या परीने पुरी केली. नव्या उड्डाणपुलाचे उद्घाटन १२ ऑगस्ट २०२३ रोजी झाले. त्यानंतर चौकातली कोंडी बरीच सुटली, हे खरेच आहे. पण ती पुढे भूगावात जाऊन बसली आहे. मानस तलावाच्या अलीकडे गाडी जी थबकली ती भुकूम येईपर्यंत पायी चालणाऱ्याच्या गतीने सरकत राहिली. शनिवार-रविवारी या पट्ट्यात काय होते हे आयोजकांना ठाऊक असणारच, त्यामुळे निघण्याची वेळ साडेसहाऐवजी साडेपाच ठेवली, तर पुढे ज्या थांब्यासाठी ‘वेळ नाही’ असे सांगितले जाते, त्याला वेळ मिळेल.

पिरंगुटला मिसळ आणि चहा झाला. मिसळ ठीक होती, पाव ताजे होते, यापलीकडे त्यावर लिहिण्यासारखे काही नाही. येथून डावीकडे मुठा खोऱ्याचा रस्ता फुटतो, जो टेमघर धरणावरून लवासाकडे चढतो. लवासाविषयी गाडीत बराच वेळ चर्चा रंगली आणि वाटाड्याने ती वेळीच आवरली नाही. पौड हे मुळशी तालुक्याचे मुख्य ठिकाण. तालुका मुळशीच्या नावाचा आणि कचेऱ्या मात्र पौडला, ही बाब गाडीतील एका आजोबांनी विचारली, तेव्हा तिला मिळालेले उत्तर केवळ “पहिल्यापासून तसंच आहे” एवढे होते. मुळशीच्या परिसराचे गेल्या शतकात काय झाले, हे सांगायला याहून चांगली संधी चालून आली नसती.

या रस्त्याला इतर घाटरस्त्यांच्या पंक्तीत बसवण्याची घाई माहितीपत्रकात झालेली दिसते. पुण्याहून कोकणात उतरण्याची मुख्य वाट बोरघाटाची. तेथे १८३० सालीच गाडीरस्ता खुला झाला आणि १८६३ साली लोहमार्गही घाट चढून वर आला. ताम्हिणीच्या बाजूला मात्र दीर्घकाळ पायवाटा आणि बैलांच्या वाटा होत्या. उत्तरेकडे तैलबैला या कातळकड्याच्या दोन्ही अंगांनी वाघजाई आणि सवाष्णी हे घाट कोकणात उतरतात. घनगड आणि कोरीगड हे किल्ले अशाच वाटांवर नजर ठेवून उभे आहेत. वाटाड्या मुलगा किल्ल्यांचा चांगला जाणकार होता. घनगडाची चढाई, तेथून दिसणारा मुलूख, कोणत्या घाटाने कोठे उतरता येते, हे सारे त्याने नकाशा पसरून दाखवले आणि त्यातील एकही तपशील पाठ केल्यासारखा वाटला नाही. स्वतःच्या पायांनी ती वाट तुडवलेला माणूस बोलत आहे हे जाणवत होते. म्हणूनच पुढे जे घडले ते अधिक खटकले.

माले गाव सोडल्यावर उजव्या हाताला मुळशी धरणाची भिंत आणि मग जलाशय दिसू लागतो. निळा आणि मुळा या नद्यांच्या संगमाजवळ बांधलेली ही दगडी भिंत सुमारे ४९ मीटर उंच आणि दीड किलोमीटरहून अधिक लांब आहे. भिंतीवर परवानगीशिवाय जाता येत नाही, परंतु रस्त्याच्या कडेला गाडी सुरक्षितपणे उभी करून ती पाहता येते. आमची गाडी येथे थांबली नाही. वेग किंचित कमी झाला, “उजवीकडे मुळशी लेक, फोटो काढून घ्या” अशी सूचना झाली, सतरा फोन खिडक्यांकडे वळले आणि तीन-चार वळणांनंतर जलाशय झाडीआड गेला. माहितीपत्रकात या ठिकाणासाठी जेमतेम एक ओळ आहे, आणि त्या ओळीत धरण ‘ब्रिटिशांनी बांधलेले’ असे म्हटले आहे.

ते तसे नाही. राज्य इंग्रजांचे होते आणि जमीन ताब्यात घेण्यासाठी वापरलेला १८९४ चा भूसंपादन कायदाही त्यांचाच होता, परंतु धरण बांधणारी कंपनी टाटांची होती. मुंबईच्या गिरण्यांना आणि शहराला वीज पुरवण्यासाठी टाटांनी घाटमाथ्यावर एकामागून एक जलविद्युत प्रकल्प उभे केले: खोपोलीचे वीजगृह १९१५ साली सुरू झाले, भिवपुरीचे १९२२ साली आणि मुळशीच्या पाण्यावरचे भिरा येथील वीजगृह १९२७ साली. या तिसऱ्या प्रकल्पासाठी मुळशी पेट्यातील (म्हणजे त्या काळच्या उपतालुक्यातील) भातखाचरांची एक सबंध दरीच पाण्याखाली जाणार होती. सुमारे बावन्न गावांना आणि दहा-अकरा हजार माणसांना त्याची झळ बसणार होती. तेथील मावळ्यांनी १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, धरणाच्या कामावर सत्याग्रह सुरू केला. ‘जान किंवा जमीन’ ही त्यांची घोषणा होती. धरणविरोधी संघटित लढ्यांमध्ये जगातील अगदी आरंभीच्या लढ्यांत त्याची गणना केली जाते.

या लढ्याने पांडुरंग महादेव बापट यांना ‘सेनापती’ केले. पारनेरचे हे विद्वान गृहस्थ मुळशीच्या शेतकऱ्यांबरोबर उभे राहिले, पुन्हा पुन्हा तुरुंगात गेले आणि शेवटी रेल्वे अडवण्याच्या प्रकरणात त्यांना सात वर्षांची शिक्षा झाली. ते १९३१ साली सुटले. विनायकराव भुस्कुटे यांनीही या लढ्याच्या संघटनेत आणि प्रचारात मोठा वाटा उचलला. सत्याग्रहामुळे काम काही काळ थांबले, मग पुन्हा सुरू झाले, आणि १९२४ पर्यंत लढा संपुष्टात आला. तीन वर्षांनी भिऱ्याची जनित्रे फिरू लागली. सेनापती बापट रस्त्यावरून प्रवाशांना गाडीत घ्यायचे, त्याच गाडीने मुळशी धरणाच्या कडेने न्यायचे आणि या दोन ठिकाणांचा परस्परसंबंध दिवसभरात एकदाही उच्चारायचा नाही, हे इतिहास विकणाऱ्या सहलीला शोभत नाही.

याला कोणी असे उत्तर देईल की, लोक सुट्टीच्या दिवशी धबधबे पाहायला येतात, त्यांना विस्थापनाच्या कथा ऐकवून कशाला हिरमुसले करायचे? हे उत्तर मला पटत नाही, कारण मुळशीची कथा ऐकणाऱ्याला गुंतवून ठेवणारी आहे, आणि पुणेकरांना तर ती अधिकच जवळची वाटावी. पेट्यातील बरीचशी जमीन कर्जापोटी सावकारांच्या नावावर गेलेली होती आणि त्या सावकारांपैकी पुष्कळसे पुण्याचे होते. मोबदला जमिनीच्या मालकाला मिळणार होता, ती पिढ्यान्‌पिढ्या कसणाऱ्या कुळाला नव्हे. त्यामुळे मोबदल्याचा दर ठरवून मोकळे व्हावे असे एका बाजूला वाटत होते, तर दुसऱ्या बाजूला जमिनीखेरीज जगण्याचे साधनच नसलेला माणूस उभा होता. शिवाय प्रतिपक्षी परकी कंपनी नव्हती. स्वदेशी उद्योगाच्या भरभराटीसाठी झटणाऱ्यांची सहानुभूती सहज टाटांकडे जाऊ शकत होती. म्हणजे देशी भांडवल, शहरी सावकार, परके सरकार आणि मावळी कुळ असा चौरंगी पेच या दरीत पडला होता. वाटाड्याकडे असलेली सांगण्याची हातोटी पाहता, त्याने हे पंधरा मिनिटांत उभे केले असते.

भूगोलाच्या अंगानेही हा थांबा टाळण्यासारखा नाही. मुळा ही पूर्ववाहिनी नदी. ती पुण्यात संगमावर मुठेला मिळते, पुढे भीमेत आणि भीमेवाटे कृष्णेत जाऊन बंगालच्या उपसागराला पोहोचते. मुळशीच्या भिंतीने अडवलेले पाणी मात्र या वाटेने न जाता बोगद्यातून आणि नळांतून सुमारे पाचशे मीटर खाली कोकणात भिऱ्याला उतरवले जाते, तेथे जनित्रे फिरवते आणि कुंडलिका नदीतून अरबी समुद्राला मिळते. भिऱ्याच्या मूळ वीजगृहाची क्षमता १५० मेगावॉट असून पुढे तेथे तेवढ्याच क्षमतेचा आणखी एक संच उभारण्यात आला, जो मागणी कमी असताना पाणी पुन्हा वर चढवू शकतो. कोलाडला कुंडलिकेत तराफ्यांवरून जलसाहस करण्यासाठी पुण्या-मुंबईचे लोक सकाळी लवकर पोहोचतात ते वीजगृहातून सोडलेल्या पाण्याची वेळ साधण्यासाठी. वाटाड्याने परतीच्या वाटेवर त्या खेळाची भरपूर स्तुती केली, पुढच्या महिन्यातील सहलीची जाहिरातही केली. ते पाणी आपण सकाळी फोटोत टिपलेल्या तलावाचेच आहे, एवढे एक वाक्य जोडले असते तर दिवसभराचा प्रवास एका सूत्रात बांधला गेला असता. रस्ता आणि पाणी दोन्ही एकाच डोंगरावरून एकाच दिशेला उतरतात. रस्ता वळणे घेत उतरतो आणि पाणी सरळ. दरीचा तळ पाण्याखाली गेल्यामुळेच आजचा रस्ता जलाशयाच्या काठाकाठाने, डोंगराच्या कुशीला बिलगून जातो, हेही गाडीतून जाताना डोळ्यांनी दाखवता येण्यासारखे आहे.

दुपारचे जेवण पळसे गावाच्या पुढे एका घरगुती खानावळीत होते. तांदळाची भाकरी गरम गरम ताटात येत होती, पिठल्यावर लसणाची फोडणी शेवटच्या क्षणी ओतलेली असल्याने तिचा वास पंगतीभर दरवळत होता आणि ठेचा पाट्यावर वाटलेला होता. मिरचीची बी अर्धवट चिरडलेली राहिली होती, मिक्सरमध्ये ती तशी राहत नाही. वाढणाऱ्या मावशी “दादा, भात घ्या अजून, आज काही काम नाहीये तुम्हाला” म्हणत आग्रह करीत होत्या. भात सुवासिक आणि मऊ होता आणि वाटाड्याने तो मुळशीचा प्रसिद्ध आंबेमोहोर म्हणून जाहीर केला. मी मावशींना विचारले, तेव्हा त्यांनी अजिबात न संकोचता सांगितले की, हा इंद्रायणी आहे, आंबेमोहोर थोडाच लावतो, तो घरच्यापुरता. इंद्रायणी हे वाण वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्राने १९८७ साली दिलेले असून त्याच्या घडणीत आंबेमोहोराचाच वंश आहे, त्यामुळे नाते जवळचे आहे. तरीही दाणा वेगळा दिसतो. आंबेमोहोराचा दाणा आखूड आणि बुटका, इंद्रायणीचा त्याहून लांब. आंबेमोहोराचे झाड उंच वाढते, वाऱ्या-पावसात लोळते आणि उतारा कमी देते, म्हणून शेतकऱ्यांनी इंद्रायणी जवळ केला, यात त्यांचे काही चुकले नाही. ग्राहकाला मात्र जे ताटात आहे तेच सांगावे. ज्या आंबेमोहोरासाठी हा मुलूख ओळखला जाई, त्याची उत्तमोत्तम खाचरे धरणाखाली गेली, हा धागा जेवतानाही हाती होता. जेवणाला, भाताच्या नावाचा घोळ सोडता, पूर्ण गुण.

ताम्हिणी गावात विंझाई देवीच्या देवळात थोडा वेळ मिळाला. येथून पुढचा घाटमाथ्याचा भाग ताम्हिणी वन्यजीव अभयारण्यात येतो. सुमारे ५० चौरस किलोमीटरचे हे अभयारण्य २०१३ साली घोषित झाले. शेकरू दिसण्याची आशा माहितीपत्रकाने लावली होती, पण सुट्टीच्या दिवशी गाड्यांतून वाजणाऱ्या गाण्यांच्या गदारोळात ते दिसणे अवघडच. आम्ही गेलो तेव्हा पावसाचा जोर ओसरला होता, कड्यांवरून अजून पाणी उतरत होते आणि उतारांवर सोनकीच्या फुलांचा पिवळा रंग पसरू लागला होता. ऐन पावसाळ्यात राज्यातील सर्वाधिक पावसाच्या नोंदींमध्ये ताम्हिणीचे नाव वारंवार येते. कोकणातून चढून येणारे ढग येथे पहिल्यांदा अडतात आणि रिते होतात. त्या दिवसांत जिल्हा प्रशासन धबधब्यांखाली उतरण्यावर मनाई आदेश काढते, कधी दरडीमुळे रस्ताही बंद ठेवावा लागतो. अशा वेळी सहल रद्द झाल्यास संस्था पूर्ण पैसे परत देते किंवा दुसरी तारीख देते, असे नोंदणीच्या वेळी लेखी दिले जाते, ही जमेची बाजू आहे. धबधब्याजवळच्या थांब्यावरही शिस्त होती. प्रवाहात कोणालाही उतरू दिले नाही, आणि दोन तरुणांनी हट्ट धरला तेव्हा वाटाड्याने वाद न घालता चालकाला गाडी सुरू करायला सांगितले. त्या आवाजाने दोघेही मुकाट्याने परत आले.

चालकाविषयी स्वतंत्रपणे लिहिले पाहिजे. घाट उतरायला लागण्यापूर्वी त्यांनी निव्याजवळ गाडी बाजूला घेतली, खाली उतरून चारही बाजूंनी फेरी मारली, टायर पायाने ठोकून आणि हाताने चाचपून पाहिले, ब्रेक दोनदा दाबून बघितला आणि मगच पुढे निघाले. संपूर्ण उतार त्यांनी दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये, ब्रेकवर पाय ठेवून न बसता, प्रत्येक आंधळ्या वळणाआधी हॉर्न देत पार केला. मागून येणाऱ्या मोटारी अधीर होऊन कर्णे वाजवत होत्या, त्यांना त्यांनी जागा मिळताच वाट दिली, पण त्यांच्या नादाला लागून वेग वाढवला नाही. डिसेंबर २०२४ मध्ये याच घाटात पुण्याहून निघालेली वऱ्हाडाची खासगी बस वळणावर उलटून पाच जणांचा जीव गेला होता. रस्ता अपरिचित असणाऱ्याला उतारावरची वळणे किती फसवतात, हे अशा घटनांनी पुन्हा पुन्हा दाखवले आहे. या पार्श्वभूमीवर अनुभवी चालक देणे ही सहलीची सर्वांत मोठी जमेची बाजू मानावी लागेल, आणि १,९०० रुपयांतील बराच भाग मी आनंदाने याच खात्यावर टाकतो.

घाट उतरल्यावर विळे येते. येथे उजवीकडचा रस्ता पाटणूसवरून भिऱ्याकडे आणि कोलाडकडे जातो, तर माणगावचा रस्ता निजामपूरमार्गे पुढे जातो. विळे-भागाड औद्योगिक क्षेत्रामुळे या फाट्यावर आता अवजड वाहनांची सतत ये-जा असते. येथून भिरा अगदी हाकेच्या अंतरावर नसला तरी वाकडी वाट करून जाण्याइतका जवळ आहे, आणि सकाळचे धरण व दुपारचे वीजगृह बाहेरून का होईना पण एका दिवसात दाखवणे शक्य आहे. आयोजकांनी त्याऐवजी माणगावला बाजारात चाळीस मिनिटे दिली. माणगाव हे मुंबई–गोवा महामार्गावरचे आणि कोकण रेल्वेवरचे गजबजलेले ठिकाण असून तेथे थांबण्यात चहाखेरीज विशेष हशील नव्हते. कोकमाच्या बाटल्या आणि पापड घेण्यासाठी तेवढा वेळ हवा होता, असे काहींचे मत पडले. त्यांचे समाधान झाले असावे.

मार्गाच्या अलीकडच्या इतिहासाबद्दल मात्र माहितीपत्रक अचूक आहे. हा रस्ता पूर्वी राज्यमार्ग होता. आता तो राष्ट्रीय महामार्ग ७५३-एफचा भाग आहे, जो दिघी बंदरापासून माणगाव, ताम्हिणी, पुणे, अहिल्यानगर आणि छत्रपती संभाजीनगरवरून पुढे अजिंठ्याच्या दिशेने जातो. पुण्याच्या लोकांना ही शनिवारची सहलीची वाट वाटते, तर नकाशावर तो मराठवाड्याला कोकणच्या बंदराशी जोडणारा धागा आहे, आणि रस्ता रुंद का केला जातो आहे याचे उत्तर धबधब्यांत नसून बंदरात आहे, असे वाटाड्याने सांगितले ते मला मार्मिक वाटले. रुंदीकरणानंतर पौडच्या पुढचा बराचसा भाग सुखाचा झाला आहे. घाटात मात्र वरून सुटलेले दगड आणि माती जागोजाग कडेला पडलेली होती, कठडे काही वळणांवर ठणठणीत तर काही ठिकाणी नावापुरते होते, आणि धुके उतरले की रस्त्याच्या कडेचे पांढरे पट्टे हाच आधार उरतो. रात्रीचा प्रवास येथे शक्यतो टाळावा. परतीच्या वेळी आमचा घाट अंधार पडण्यापूर्वी चढून झाला होता, आणि ती वेळ साधण्यासाठी चालकांनी माणगावला दोनदा आठवण करून दिली, तेव्हा कोठे सगळे गाडीत बसले.

ज्यांना केवळ रस्ता पाहायचा आहे, त्यांच्यासाठी एसटी आहेच. पुण्याहून माणगावकडे आणि श्रीवर्धनकडे ताम्हिणीमार्गे जाणाऱ्या गाड्या असतात. भाडे सहलीच्या शुल्काच्या पासंगालाही पुरत नाही, आणि उंच बैठकीमुळे जलाशय मोटारीपेक्षा चांगला दिसतो. एसटीत कोणी इतिहास सांगत नाही, पण चुकीचाही सांगत नाही. तरीही कुटुंबासह, ज्येष्ठ नागरिकांना घेऊन किंवा या भागात प्रथमच जाणाऱ्यांनी ही सहल घ्यावी असेच मी म्हणेन. व्यवस्थेला पाचपैकी साडेचार, इतिहासाला दोन. परतल्यावर मी संस्थेला सविस्तर कळवले असून माले येथे वीस मिनिटांचा थांबा, माहितीपत्रकातील ओळीची दुरुस्ती आणि माणगावऐवजी भिरा, अशा तीन सूचना केल्या आहेत. पुढच्या आवृत्तीत पत्रक सुधारू, असे उत्तर आले. थांब्यांविषयी त्यात काही लिहिलेले नाही.

नोंदणी करणाऱ्यांनी उजव्या बाजूची खिडकी आधीच मागून घ्यावी, कारण जाताना जलाशय पूर्णपणे त्या बाजूला राहतो. पावसाळी बूट किंवा पकड असलेली पादत्राणे लागतील. गुळगुळीत तळाच्या चपला घालून आलेल्या दोघांना देवळाच्या पायऱ्यांवरूनच परत फिरावे लागले. ज्यांना वळणांनी मळमळते, त्यांनी निव्याच्या थांब्यावर चालकांना सांगून पुढची जागा मागावी. ते विनातक्रार बदलून देतात.